भिंगरीची शेवटची तबकडी

लिहायचंच आहे तर खरं लिही बाई. पीठआजोबा पीठआजोबा करत तुम्ही नातवंडं त्यांच्या मांडीवर नाचलात, म्हणून तुम्हाला ते गरीब गाय वाटतात. गाय कसली? चांगला मारका बैल होता तो माणूस. माझा सख्खा धाकटा दीर आहे, मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

आमच्या घराला लागून त्यांचं घर, मधे भिंत एकच. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या खोल्यांत संसार. सकाळी पट्टा सुरू झाला की आमच्या मांडणीवरचे कप थरथरायला लागायचे. आम्हाला त्याची इतकी सवय, की गिरणी बंद असली तर दुपारी मला डोळा लागायचा नाही. भाऊजी म्हणजे नखशिखांत पांढरे. भुवया, मिशा, कानातले केस, सगळं पीठ. रुमालाने तोंड पुसलं की तेवढ्यापुरता मधे माणूस निघायचा.

आणि बोलणं म्हणजे काय सांगू! कोणी ओलसर गहू आणले तर म्हणायचे, "वाळवून आण, नाहीतर तुलाच दळीन." बायका तोंडावर पदर धरून हसायच्या, पण दळण त्यांच्याकडेच आणायच्या. कारण नेम. एकाचं दळण झालं की लगेच दुसऱ्याचं ओतायचं नाही. आधी गिरणीचं वरचं पत्र्याचं तोंड रिकामं करायचं, खालची कापडी पिशवी झटकायची, दगडाच्या कडेने ब्रश फिरवायचा, आणि मूठभर पीठ निघालं तरी ते ज्याचं त्याच्या डब्यात. "दुसऱ्याचा दाणा माझ्या यंत्रात राहिला तर ती चोरी," असं म्हणायचे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असल्या गिरण्या जगात ढीगभर असतील, पण भाऊजींच्या गिरणीत कुत्र्याची डाळ शिजली नाही कधी.

माझी जाऊ अगदी उलट. आवाज चढवायची तर सोडच, हाक मारतानासुद्धा तिला वाटायचं समोरच्याला त्रास होईल. पुढे गुडघे गेले, कान गेले, एका डोळ्यात मोती पडला. मग मागच्या खोलीतल्या खाटेवर बसून असायची, समोर टीव्ही. घराचा कारभार ती त्या खाटेवरून पापणी न हलवता चालवायची, आणि भाऊजींना वाटायचं आपणच चालवतो.

त्यांना उशिरा झालेली एकच पोर. भिंगरी म्हणायचो आम्ही तिला, कारण एका जागी उभी म्हणून राहायची नाही. तिला कॅमेऱ्याचं वेड. शाळा झाली तशी मोठ्या शहरातल्या एका व्हिडिओवाल्याकडे नोकरीला लागली. लोकांच्या लग्नांच्या फिल्मा काढायच्या, कॉम्प्युटरवर कापायच्या, जोडायच्या, वर गाणं चढवायचं, असं ते काम.

भाऊजींनी त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. "परक्यांच्या लग्नात बिनबोलावलेली हिंडणार ही! घरात चालतं यंत्र आहे ते गोड लागत नाही."

भिंगरी पण त्यांचीच लेक. ती म्हणाली, "बाबा, तुमच्या यंत्रात सगळं घातलं की सारखंच पांढरं होऊन बाहेर येतं. मला नाही व्हायचं."

गेली ती. त्यानंतर बापलेकीचं बोलणं असं काही राहिलं नाही. तिचा फोन आला की भाऊजी उचलायचे, "हं. ठीक. आईला देतो," एवढं म्हणून जावेच्या हातात द्यायचे. आणि जावेला तर फोनवर धड ऐकू यायचं नाही. "काय? काय?" करण्यातच बोलणं संपायचं.

मग पोरीने युक्ती काढली. आपल्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायची, आईशी बोलायची, आणि दुकानातल्या यंत्रावर त्याची तबकडी करून आमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे द्यायची. डीव्हीडीचा प्लेअर तिनेच आणून टीव्हीखाली बसवला होता. रिमोटच्या एका बटणावर लाल नेलपॉलिश लावून ठेवलं होतं, आईला कळावं म्हणून. तबकडी आली की आमच्या घरात पाहुणी आल्यासारखं व्हायचं. जाऊ तोंड धुवायची, केस विंचरून घ्यायची. मी म्हणायचे, "अगं, तिला कुठे तू दिसणार आहेस?" तर म्हणायची, "जाऊबाई, मला तर ती दिसणार आहे ना!" आवाज इतका मोठा लावायची की रस्त्यावरच्या माणसाला कळावं भिंगरीने आज काय खाल्लं. भाऊजी खोलीत येऊन बसायचे नाहीत. पाणी प्यायला आल्यासारखे दारात उभे राहायचे, भांडं हातात, आणि पाणी काही संपायचं नाही. गिरणीचा पट्टा मात्र तेवढा वेळ बंद असायचा. आता तूच समज काय समजायचं ते.

एकदा तिचा फोन आला. जावेने फोन माझ्याच कानाला लावला होता, म्हणून मला शब्द न् शब्द आठवतो. म्हणाली, "काकू, आईला सांग, या वेळच्या तबकडीत एक खास गोष्ट सांगायची आहे. फोनवर नाही सांगत. फोनवर ती नुसती काय काय करत बसेल आणि माझा धीर जाईल. रविवारी पाठवते."

मी म्हटलं, "काय गं, लग्नबिग्न जमवलंस की काय?"

तर नुसती हसली. "तबकडीत बघा," म्हणाली.

रविवार यायच्या आतच ती गेली. एका लग्नाचं काम आटोपून दुकानाच्या गाडीतून सगळे परत येत होते, ड्रायव्हरला डुलकी लागली. यापुढचं लिहू नकोस. माझ्याच्याने सांगवणार नाही आणि तुझ्याच्याने लिहवणार नाही.

दुकानाचा मालक भेटायला आला होता. अंगणात बराच वेळ हात बांधून उभा राहिला. भाऊजींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "निघा. आणि या दाराशी परत येऊ नका, मी तुमच्या दाराशी येणार नाही."

पुढे तिच्या खोलीत राहणारी मैत्रीण तिचा कॉम्प्युटर घेऊन आली. चादरीत गुंडाळून आणला होता, तान्हं मूल आणावं तसा. ती म्हणाली, "काकू, तिने तुमच्यासाठी बोलून ठेवलंय ते फक्त यातच आहे. दुकानात नेऊन तबकडी करायची तेवढी राहिली."

जावेने तिचा हात धरला. "काय बोलली गं? तू ऐकलंस?"

"नाही हो. मी कामावर होते. विचारलं तर म्हणाली, आधी आईला कळू दे, मग बाकीच्यांना."

त्या दिवसापासून जावेला दुसरं काही सुचेना. जेवण सुटलं, रडणंसुद्धा सुटलं. एकच धोशा, पोर मला काय सांगणार होती? तुझा बाप तेव्हा म्हणाला, "काकू, आत्ता लावतो की याच्यावरच." तर नाही म्हणाली. कॉम्प्युटरबरोबर आवाजाचे डबे आलेच नव्हते, ते एक. आणि वर म्हणाली, "त्या एवढ्याशा खिडकीत मला काय दिसणार? ती माझ्याकडे टीव्हीतून यायची. टीव्हीतूनच येऊ दे." मला विचारशील तर तिला त्या कॉम्प्युटरची भीती वाटत होती. टीव्ही कसा, ओळखीचा होता.

आता हे काम व्हिडिओवाल्या मालकाने हसत हसत केलं असतं. त्याचा फोनही आला, पाठवून द्या, लगेच करून देतो म्हणून. भाऊजींनी फोन आपटला. तुझा बाप म्हणाला, मी करतो. तर त्याला म्हणाले, "आईला सांगायची गोष्ट आधी तुझ्या कानावर का पडावी? घरातलं घरात राहू दे. मी करीन. जन्मभर यंत्रंच चालवली आहेत, हे काय वाघ आहे?"

खरंच, मोटर जळली तरी कधी मिस्त्री बोलावला नाही त्या माणसाने. तोच नडला तो ताठा.

कॉम्प्युटर गिरणीच्या कोपऱ्यात मांडला, पीठ जाऊ नये म्हणून वर धोतराचं फडकं. पहिल्यांदा काय केलं, ती फाईल होती तशीच कोऱ्या तबकडीवर उतरवली आणि टीव्हीखाली घातली. प्लेअरने ती आत घेतली, घरघर केलं, आणि जीभ दाखवावी तशी परत बाहेर काढली. भाऊजींनी परत घातली. त्याने परत काढली. शेवटी प्लेअरला दोन थापट्या मारून झाल्या, तबकडी बाद म्हणून मोडून कचऱ्यात गेली, तेव्हा तुझ्या बापाला हाक गेली.

तुझा बाप म्हणाला, "काका, तसं नाही चालत. ही फाईल म्हणजे अख्खा गहू आहे असं समजा. कॉम्प्युटरला गहू चालतो. टीव्हीखालच्या डब्याला पीठच लागतं. तेव्हा आधी ती दळायला लागते. त्याचा वेगळा प्रोग्राम असतो."

भाऊजींचा चेहरा एकदम उजळला. "असं सरळ सांग ना मग! इतका वेळ फॉरमॅट फॉरमॅट काय लावलंयस?"

चांगल्या मनाने सांगितलं होतं गं पोराने. समोरच्याला समजेल असंच सांगितलं. त्याचा त्यात काय दोष?

प्रोग्रामही भाऊजींनी स्वतःच शोधला. इंटरनेटची तार आमच्याच घरातून भिंतीच्या भोकातून तिकडे नेलेली होती. फुकट मिळतो तो घेतला. इंग्रजी अक्षरं तर दोघांनाही सारखीच, मला आणि त्यांना. मधोमध चौकट उगवायची, त्यात काहीतरी लिहिलेलं असायचं, आणि खाली दोन बटणं. भाऊजी उजवीकडचं दाबायचे. चौकट जायची, काम पुढे सरकायचं. मी विचारलं, "काय लिहिलंय ते वाचून घ्या ना कोणाकडून." तर म्हणाले, "वहिनी, दुकानदार तोंडाने दहा गोष्टी बोलतो. आपण पुढे चला म्हणायचं."

मी चहा घेऊन गेले होते तेव्हा ते पडद्यासमोर उभे होते. बसलेले नाहीत, उभे. पडद्यावर भिंगरी. तिचं तोंड हलत होतं, हात हलत होते, आणि आवाज म्हणून काही नव्हता. पाण्याखाली बोलतंय कोणी असं वाटत होतं. मी तिथेच थबकले. भाऊजींनी वळूनही बघितलं नाही. "हीच फाईल की दुसरी, ते बघतोय," म्हणाले. चहा गार झाला. त्यांनी ती अख्खी बघितली, शेवटपर्यंत. मी मधेच निघून आले. मला ते बघवेना, आणि जावेच्या आधी बघणं बरंही वाटेना.

मग दळण सुरू झालं. पडद्यावर एक हिरवी पट्टी हळूहळू भरत जायची. भाऊजी हातांची घडी घालून तिच्यासमोर बसले, गिऱ्हाइकासारखे. पट्टी भरली, तबकडी बाहेर आली. ती तळहातावर घेऊन मला म्हणाले, "वहिनी, गरम आहे बघा." मी हात लावला. खरंच, नुकतं पडलेलं पीठ असतं तशी ऊबदार होती. किती दिवसांनी त्या माणसाच्या तोंडावर हसू बघितलं मी.

आणि मग त्यांनी यंत्र साफ केलं.

दळण झालं होतं ना! मग दाणा आत कशाला ठेवायचा? शिवाय तो कॉम्प्युटर तुला अभ्यासाला द्यायचा असं जावेने बोलून ठेवलं होतं, तेव्हा पोरीचं खाजगी बोलणं त्यात राहायला नको. फाईल पुसली. कॉम्प्युटरने विचारलं असेल काहीतरी, उजवीकडचं बटण. ती कचऱ्याची टोपली असते ना त्यात, तीही रिकामी केली. ते तुझ्या बापानेच कधीतरी शिकवलेलं. टीव्हीवर लावून बघायचं मात्र राहिलं. राहिलं म्हणजे मुद्दाम नाही बघितलं. आवाजासकट पहिल्यांदा आईनेच बघायचं, असं त्यांच्या मनात.

दुपारी सगळे जमलो. जावेने न्हाऊन धुतलेले कपडे घातले होते. भाऊजी त्या दिवशी दारात उभे राहिले नाहीत. खुर्ची ओढून खाटेशेजारी बसले. तोंड धुतलेलं, भुवया काळ्या. मला एकदम परके वाटले.

जावेने लाल बटण दाबलं.

आली बाई भिंगरी. पण तिच्या तोंडावर, अगदी कपाळापासून हनुवटीपर्यंत, तिरका शिक्का होता. पोत्यावर मारतात तसली ठसठशीत अक्षरं. डोळे अक्षरांमागून दिसत होते.

"हे काय लिहिलंय हो तिच्या तोंडावर?" जाऊ म्हणाली.

भाऊजी तुझ्या बापाकडे बघायला लागले.  मी म्हटलं, "असू दे गं, बोलते आहे ना? ऐक."

बोलत होती. "आई, ऐकतेस ना? आवाज मोठा कर. काकू, तू बसलीस का शेजारी? बस. आधी इकडचं तिकडचं सांगते, मग मुद्द्याचं. धीर गोळा करायला वेळ लागतो गं." मग घरमालकिणीच्या मांजराचं सांगितलं, दुकानातल्या कुठल्याशा नवरदेवाचं सांगितलं, फिल्म बघून माझं नाक बदला म्हणून भांडायला आला होता तो. जाऊ हसली. शप्पथ सांगते, पोर गेल्यावर पहिल्यांदा हसली. मग भिंगरी थोडी पुढे सरकली. "बरं, आता सांगते. आई, हसू नकोस. आणि हे बघ, बाबांना..."

आणि टीव्ही काळा झाला.

आम्ही वाट बघितली. वाटलं येईल परत. जाऊ पडद्याकडे बघतच म्हणाली, "लावा ना पुढचं."

भाऊजींनी रिमोट घेतला. सुरुवातीपासून परत लागलं, मांजर, नवरदेव, बाबांना, काळं. परत. काळं. तेव्हा तुझा बाप हळूच उठून गिरणीत गेला. आम्हाला तिकडून हाक ऐकू आली.

"काका, मूळ फाईल कुठे आहे?"

भाऊजी म्हणाले, "मूळ कसली? दळली ना ती."

त्यावर तुझा बाप गिरणीतून परत येऊन दारात उभा राहिला. भाऊजी खुर्चीतून उठले, तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळलं, काहीतरी मोठं बुडालं.

त्या शिक्क्यात लिहिलं होतं, हा प्रोग्राम नुसता वापरून बघण्यासाठी आहे, पुरता हवा असेल तर विकत घ्या. फुकटात ते सुरुवातीचं थोडंसंच दळून देतात. हेच त्या चौकटींतून पुनःपुन्हा सांगत होते बिचारे. आणि फाईल दळली म्हणून गहू संपत नसतो, तो असतो तिथेच असतो, हे भाऊजींना कोणी सांगितलं नव्हतं, कारण हे सांगावं लागेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तरी तेवढ्यावर थांबले असते तर काही हाती लागलं असतं. पण धीर कुठला? पुरता प्रोग्राम विकत घेतला. त्यांना वाटलं उरलेलं बोलणं यंत्रातच कुठे अडकून बसलं असेल, दगडाच्या खाचेत पीठ बसतं तसं. ती अर्धी तबकडी परत आत घालून दळली, परत घातली, परत दळली. कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू. शेवटी चौकातल्या दुकानात नेला. तो दुकानदार जाडजूड, चांगला माणूस. त्याने बराच वेळ खटपट केली आणि म्हणाला, "काका, पुसल्यावर लगेच बंद करून आणला असतात तर शोधून दिली असती. तुम्ही त्याच जागेवर दुसरं लिहीत गेलात. आता खालचं नाही निघत."

मग भाऊजी बस धरून शहरात गेले. ज्याच्या दाराशी जाणार नाही म्हटलं होतं त्याच्याच दाराशी. त्या मालकाने खुर्ची दिली, पाणी दिलं, स्वतः बसून बघितलं. एक शब्द लावून बोलला नाही. त्यालाही नाही जमलं. भाऊजी कॉम्प्युटर तिथेच ठेवून आले. म्हणाले, "नको तो घरात." तुला नवा मिळाला तो त्यामुळे.

जावेने दोष दिला का? नाही. भांडली असती तर बरं झालं असतं गं. भांड्याला भांडं लागलं की आवाज होतो आणि संपतं. तिने फक्त एकदा विचारलं, "तुम्ही बघितली होतीत ना सगळी? आवाज नसेना का. तोंड बघितलंत ना तिचं?"

"बघितलं," भाऊजी म्हणाले.

"मग दाखवा."

त्यांना कळेना. "काय दाखवू?"

"बाबांना म्हणाल्यावर तिने तोंड कसं केलं, हात कुठे नेला, ते दाखवा. मी ओळखीन. मी तिला बोलायला शिकवलंय."

आणि मग ते सुरू झालं. दुपारची भांडी झाली की जाऊ खाटेवर उठून बसायची आणि भाऊजी समोर खुर्ची घेऊन भिंगरी व्हायचे. पांढऱ्या मिशांचा, रापलेल्या गालांचा म्हातारा, पण मान वेळावायचा, ओठ हलवायचा, बटा मागे सारायचा. पहिल्यांदा मी दारातून बघितलं तेव्हा मला हसूच फुटलं. मग जावेकडे नजर गेली आणि हसू घशातच राहिलं. ती इतकी टक लावून बघत होती, की जणू मिशा तिला दिसतच नव्हत्या.

"इथे ओठ मिटले होते?"

"मिटले होते."

"किती वेळ?"

"एवढा... नाही, थोडा कमी."

"मग डोळे पुसले? की आधी हसली?"

"आधी पुसले. मग हसली."

"काल म्हणालात आधी हसली."

"आठवू दे गं मला. आठवू दे."

रोज करून करून त्यांनाच कळेनासं झालं, खरं बघितलेलं कुठलं आणि काल आपणच केलेलं कुठलं. जाऊ ओठांवरून शब्द लावत बसायची. घर असेल. बाळ असेल. माफ असेल. एके दिवशी थकून म्हणाली, "अहो, खोटं तरी बोला. म्हणा ना, आई मी परत येते म्हणाली. मी धरून चालेन."

भाऊजी तोंड उघडून बसले. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, मनात म्हणत होते, बोला हो, बोलून टाका, कोणाचं काय जातंय? पण नाही आलं त्यांना. रागावणं येत होतं, खोटं बोलणं येत नव्हतं.

मग एका दुपारी मी तिथेच होते, जावेच्या पायांना तेल लावत होते. भाऊजींनी सगळं केलं, पुढे सरकले, डोळे पुसले, हसले. आणि मग थांबून, उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. असं. गप्प, कोणाला बोलायचं नाही, असं म्हणतो ना आपण मुलांना, तसं.

जावेने लगेच धरलं. "हे नव्हतं."

"होतं."

"रोज बघते मी. नव्हतं हे."

"होतं. मी दाखवत नव्हतो." भाऊजींचं बोट अजून ओठांवरच होतं, खाली घ्यायचं विसरले होते. "तेव्हा मला वाटलं, नुसती गंमत करते आहे. तिचं ते बाबांना ऐकलं टीव्हीवर, तेव्हा उमगलं."

माझा तेलाचा हात थांबला.  जावेच्या डोक्यात ते जुळताना मला दिसत होतं. बाबांना, आणि मग हे बोट. बाबांना सांगू नकोस. काय सांगू नकोस ते गेलं, पण कोणाला नाही ते राहिलं. आणि सगळं बघितलेला माणूस जगात एकच होता, तोही हा बापच.

जाऊ म्हणाली, "मग तुम्हाला ऐकू आलं नाही, ते बरंच झालं म्हणायचं. पोरीच्या मनासारखं झालं."

रागाने नाही म्हणाली. समजूत घालावी तशा आवाजात म्हणाली. भाऊजी उठले, खुर्ची जागेवर ठेवली आणि गिरणीत गेले. पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला. दळायला कोणाचं काही नव्हतं, नुसताच दगडावर दगड फिरत राहिला. असा फिरवला तर दगड खराब होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

जावेने त्यानंतर कधी विचारलं नाही. तबकडीही लावली नाही. वर्ष सरायच्या आत गेली, झोपेतच गेली, कोणाला त्रास न देता. गिरणी एकाने नेली, दगडासकट. आता मांडणीवरचे कप गपचिप असतात.

भाऊजी आपल्याकडे जेवतात, आपल्याकडेच झोपतात. तुम्ही त्यांना बघता ते हे असे. कोणी काही टाकून बोललं तरी ऐकून घेतात. तुझी आई म्हणते, काका किती शांत झालेत. 

परवा तुम्ही सगळे बाहेर गेला होता. मी भाजी निवडत होते, ते शेजारी बसून शेंगा सोलत होते. एकदम म्हणाले, "वहिनी, तुम्हाला काय वाटतं, काय असेल ते?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक भाऊजी."

"मला नको होतं कळायला, एवढं कशाचं भ्यायली असेल ती?"

मी म्हटलं, "तुम्हालाच भ्यायली असेल. तापट होतात हो तुम्ही."

"होतो," म्हणाले.

मग आम्ही उरलेल्या शेंगा सोलल्या.